मानाच्या जागी बार

अनारकुल माझी मामेबहीण. आमच्या नारिन गावच्या मोठ्या रस्त्यावर, चपलांच्या जुन्या दुकानाच्या जागेत तिने हॉटेल काढलं, बारसकट. मी तिथे स्वयंपाक करते. तिच्याबद्दल गावात वाट्टेल ते बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांपैकी निम्मे माझ्या हातचं खाऊन गेलेत. म्हणून खरं काय ते मीच सांगते.

आमच्याकडे घरात दारासमोरची भिंत म्हणजे तोर, मानाची जागा. तिथे वडीलधारे बसतात, पाहुणे बसतात. माहेरपणाला आलेली लेकसुद्धा तोरवर बसते, कारण ती पाहुणी. पण नवऱ्याला सोडून कायमची आलेली लेक पाहुणी राहत नाही. अनारकुल अशीच परत आली तेव्हा मामी वारल्या होत्या. चहाचं पाणी उकळायचा समोवर तिच्याकडे आला, आणि समोवरची जागा दाराशी. भावजया तिच्यापेक्षा वरच्या जागी, तोरच्या बाजूला बसायच्या. मामांनी वाडगा पुढे केला की ती चहा ओतायची. तिला कुणी छळलं असं नाही. ती तिथे बसते हे कुणाच्या लक्षातच नव्हतं, आणि मला विचाराल तर ते छळापेक्षा वाईट.

मग ती मॉस्कोला गेली. आधी हॉटेलात भांडी घासली, पुढे बारमागे उभी राहिली. परत आली ती दुकान घ्यायचं ठरवूनच.

आराखड्यासाठी बिश्केकहून एमिल नावाचा इंजिनियर आला. त्याने नकाशा काढून आणला. अनारकुलने तो बघितला, घडी करून त्याच्या हातात दिला आणि फरशी धुऊन खडूने टेबलं आखायला बसली. नुसती टेबलं नाहीत, माणूस बसल्यावर मागे सरकलेली खुर्चीसुद्धा. मग मला आणि वाढणाऱ्या मुलींना पाण्याने काठोकाठ भरलेले वाडगे घेऊन त्या रेघांमधून चालायला लावलं. पाणी सांडलं की तिथलं टेबल सरकायचं. पिणाऱ्यांची वाट लेकुरवाळ्या बायकांच्या टेबलांमधून जाता कामा नये, म्हणून अर्धा दिवस गेला. माझं स्वयंपाकघर मात्र एवढंसं ठेवलं. मी म्हटलं, "शेगडीवर मीच बसू का?" तर म्हणे, "बस. सूप गरम जाईल."

एमिलने हळूहळू सगळं मान्य केलं. दोन गोष्टी सोडून.

"ताई, ही दोन दारं एकामागे एक कशाला? मधल्या खोलीत दोन टेबलं फुकट जातायत."

"जाऊ देत."

"दाराजवळ बसणार तरी कोण? एखादा ट्रकवाला!"

"मग? ट्रकवाल्याला गुडघे नसतात? दाराचा वारा तिथेच लागतो."

दुसरी गोष्ट बार. तिने तो दारासमोरच्या भिंतीला आखला, थेट तोरवर. तिथून दार, स्वयंपाकघराची खिडकी, एकूण एक टेबल दिसतं, प्यायलेल्याचा आवाज चढायच्या आत कळतं, असं ती म्हणाली. ते खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं.

तिच्या वडिलांनी, किदिरअली मामांनी, हात वर करून आशीर्वाद दिल्याशिवाय आमच्याकडे लग्नाच्या ताटाला कुणी हात लावत नाही. ते बोलायला लागले की म्हाताऱ्या डोळे पुसतात. ते हॉटेल बघायला आले आणि खडूच्या रेघांपाशी थांबले.

"तोर कुठंय?"

"तिथे बार येणार, बाबा."

"वडीलधाऱ्यांच्या जागी दारूच्या बाटल्या?"

"बाटल्या खाली ठेवीन. तिथे मी उभी राहणार."

"तू?"

"हो. मी."

मामा काठी टेकत निघून गेले.

हॉटेल त्यांच्या आशीर्वादाशिवायच सुरू झालं. सूप प्यायला लोक यायचे, पण लग्नाची मेजवानी काही कुणी तिथे ठरवेना. "बापाने जिथे हात वर केले नाहीत, तिथे आम्ही पोरीचं लग्न लावायचं?" असं तोंडावर सांगायचे.

मी तिच्यावर उखडले. "अगं, भिंतच ती! हलव तो बार. हट्टापायी धंदा बुडवशील."

"मला एकदा तरी त्या भिंतीकडून दार बघायचं होतं गं," ती म्हणाली. "आता रोज बघते." पण दार उघडलं की तिची मान वर व्हायची आणि आत येणारा भलताच कुणी असायचा. मला तिची दया यायची, आणि मामांचा राग.

ऐन हिवाळ्यात, वारं सुटलेलं असताना एका दुपारी मामा आले. "आत येणार नाही. इथेच बसतो," म्हणाले आणि दाराजवळच्या टेबलावर बसले. जन्मात ते कधी दाराशी बसले नव्हते. मी चहा घेऊन निघाले, तर अनारकुलने बारमागून येऊन वाडगा माझ्या हातातून घेतला.

मामांनी हात गुडघ्याखाली नेला आणि तसाच धरून ठेवला.

"इथे वारा लागत नाही."

"लागू दिला नाही, बाबा."

"घरी लागतो?"

"लागतो."

मामांनी तिच्या हातातून वाडगा घेतला. "मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी दाराशी बसलाच नाहीत."

ती हे रागाने बोलली नाही. मी बोलले असते.

मामांनी वाडगा खाली ठेवला आणि दोन्ही हात वर केले. हॉटेलात होते तेवढ्यांनी चमचे ठेवले, आपापले तळवे उघडले. आम्ही वाट बघत राहिलो. मामांचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरलं. लोक एकमेकांकडे बघू लागले.

अनारकुल त्यांच्यासमोर तळवे पसरून उभी होती. मग, आशीर्वाद पुरा झाल्यावर म्हणतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "ओमीन" म्हणाली आणि तिने दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले.