ईशाच्या डब्यात उरलेले तीन लाडू

मंडळी, स्पेनमध्ये तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? सांगते का विचारतेय ते.

माझी लेक ईशा एका सेमिस्टरसाठी कॅनडातल्या ओकव्हिलहून तिकडे गेलीय. भाड्याच्या खोलीत एकटीच राहते. आज माझ्या लंच ब्रेकमध्ये व्हिडिओ कॉल केला, तेव्हा ती नुकतीच क्लासवरून आली होती. बेसनाचे लाडू पुरतायत ना, म्हणून मी डबा उघडायला लावला. तळाशी तीनच!

"एवढ्यात संपवलेस?"

"नो मॉम, काल तर बॉक्स हाफ फुल होता."

दुसरी किल्ली फक्त घरमालकाकडे असते. त्याने तिची बॅग तीन जिने वर चढवून दिली, म्हणून मीच इथे त्याचं कौतुक केलं होतं.

"आधी दाराला आतून कडी लाव."

"मॉम, यू आर ओव्हररिअ‍ॅक्टिंग," म्हणत ती दाराकडे गेली. मग तिने फोन दाराकडे वळवला.

कडीच नव्हती. स्क्रूंची चार भोकं होती, आणि खाली फरशीवर लाकडाचा ताजा भुसा.

तिला तशीच मैत्रिणीकडे पाठवली. ती तिकडे गेलीय हे आम्ही कुणालाच सांगितलं नाही.

आत्ता मालकाचा तिला मेसेज आलाय: "आज घरी झोपणार नाहीस का?"