मुलुंडच्या सीमेवरचं कांडप

मुलुंड चेकनाक्याच्या मागच्या गल्लीत प्रेमा नेरूरकरचं मसाला कांडप आहे. जकात बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, नाक्यावर आता कोणी कोणाला अडवत नाही, तरी नाव चेकनाकाच राहिलंय. प्रेमाचे सासरे परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी हा गाळा घेतला आणि त्यात मसाला कुटायचं यंत्र बसवलं. ते गेल्यावर यंत्र सुनेच्या हातात आलं. नवरा दत्ताराम औषधाच्या कंपनीत टाइमकीपर होता. निवृत्त झाल्यापासून तो काउंटरवर बसतो आणि कोणाचा मिरच्यांचा डबा किती वाजता आला ते वहीत लिहून ठेवतो. का, ते त्यालाही माहीत नाही.

एप्रिल-मेमध्ये बायकांची रांग कोपऱ्यापर्यंत जाते. मे संपला की गल्ली शांत. मग प्रेमा स्वतःच मालवणी मसाला करून पुड्या विकते.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका सकाळी दोन माणसं तिपाईवरची दुर्बीण घेऊन आली. मुंबई आणि ठाणे ह्यांची हद्द नक्की कुठून जाते ते त्यांना आखायचं होतं. त्यांनी "मावशी, जरा सरका" म्हणत गटारापासून पिवळ्या रंगाची रेघ ओढायला घेतली. ती रेघ पायरी चढली, लादीवरून सरळ आत आली, यंत्र आणि काउंटर ह्यांच्यामधून गेली आणि मागच्या भिंतीत शिरली. माणसं चहा पिऊन निघून गेली.

दत्तारामने चष्मा वर करून पाहिलं. "अगो, ही रेग खंयसून इली?"

"माका काय विचारतंस?" प्रेमा यंत्रापाशी उभी होती. "मी मुंबईत आसंय. तू ठाण्यात बसलंस, थंय विचार."

ही गंमत परवान्याच्या नूतनीकरणापर्यंत टिकली. इकडच्या कार्यालयात सांगितलं, की परवाना विक्रीच्या जागेला मिळतो आणि तुमचं काउंटर आमच्या हद्दीत नाही. तिकडच्या कार्यालयात सांगितलं, की काउंटर आमचंच आहे, पण माल इथे तयार होत नाही, तेव्हा तुम्ही नक्की करता काय? प्रेमाने खुलासा केला. त्यावर तिथल्या साहेबांनी तोडगा सुचवला, की यंत्र तीन फूट अलीकडे घ्या. यंत्राचा पाया सासऱ्यांनी काँक्रीटमध्ये घातलेला. मग काउंटर पलीकडे न्यावं, तर तिथे भिंत.

तीन महिने हेलपाटे घातल्यावर किरण नावाच्या एका कारकुनाला तिची दया आली. "काकी, वांद्र्याला एक सीमावर्ती उद्योग विकास मंडळ आहे म्हणतात. तुम्ही सीमेवर आहात ना? मग त्यांच्याकडेच जा की."

प्रेमा दुसऱ्या दिवशी वांद्र्याला गेली. तिला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. सीमा तर होतीच, तिने स्वतः तिच्यावरून दोनदा फडकं मारलं होतं.

मंडळाचे अधिकारी श्यामसुंदर उपासनी ह्यांना त्या खुर्चीवर बसून अकरा महिने झाले होते. राज्याच्या टोकाला, दुसऱ्या राज्याला चिकटून असलेल्या गावांत उद्योग वाढवायचे, हे त्यांचं काम. पण त्या गावांतल्या लोकांना हे ऑफिस ठाऊक नव्हतं, आणि उपासन्यांना गाडी लागायची, त्यामुळे ते मुंबईबाहेर जात नसत. अकरा महिन्यांत अर्ज एकही नाही. प्रेमाला पाहून ते उठून उभे राहिले.

"तुम्ही खरंच सीमेवर राहता?"

"अगदी मधोमध," प्रेमा म्हणाली. "ह्यांचं काउंटर पलीकडे आहे."

दुसऱ्या दिवशी उपासनी रिक्षाने मुलुंडला आले. रिक्षा त्यांना लागत नसे. रेघ त्यांनी पायरीपासून मागच्या भिंतीपर्यंत पावलांनी मोजली. मग त्यांनी बारा पानी अर्ज काढला.

"सीमेपलीकडची भाषा कोणती?"

"मराठीच. पण हे चिडले की मालवणी बोलतात."

"पलीकडून काही त्रास?"

प्रेमाने दत्तारामकडे पाहिलं. "चहा सारखा मागतात."

"उत्पादनापैकी सीमेपार किती जातं?"

"कुटते इथे, विकतात हे तिथे. म्हणजे सगळंच."

उपासन्यांचं पेन थांबलं. "शंभर टक्के निर्यात!" ते हळूच म्हणाले आणि घाम पुसला.

हे सगळं ते चेष्टेने करत होते असं नाही. माणूस सरळ होता. अर्जात जे विचारलं होतं ते त्यांनी विचारलं, आणि प्रेमाने जे खरं ते सांगितलं. पंधरा दिवसांत 'सीमावर्ती उद्योग' असं प्रमाणपत्र आलं. ते पाहताच दोन्ही कार्यालयांनी परवाना देऊन टाकला, कारण वरून आलेल्या कागदाला नाही कोण म्हणणार?

प्रमाणपत्राची बातमी कुठल्याशा पेपरात आली आणि गल्लीची तऱ्हाच बदलली. बोरिवलीपासून लोक रेघ बघायला यायला लागले. एक पाय मुंबईत, एक ठाण्यात ठेवून फोटो काढायचे आणि जाताना मसाला न्यायचे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने दुकानाचं नाव 'बॉर्डर झेरॉक्स' केलं. समोर 'सीमा सरबत' निघालं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर रात्रीतून स्वतःच आपल्या दुकानात पिवळी रेघ मारून घेतली. ती वाकडी आली, म्हणून पकडला गेला. प्रेमाने दोन बायका कामाला ठेवल्या. दत्ताराम वहीत सीमा ओलांडणाऱ्यांची वेळ लिहायला लागला.

मुलगी प्रांजल अंधेरीला बँकेत आहे. ती एका रविवारी येऊन हे सगळं बघून गेली. "आई, हे झकास आहे, पण अंगाशी येईल हां. सीमाभाग म्हणजे हा नाही गं."

"मला सीमाभाग म्हणून कागद कोणी दिला? मी मागितला?"

"अर्ज तूच केलास ना!"

प्रेमाने उठून यंत्र सुरू केलं. रात्री तिने दत्तारामला विचारलं, "आपण कोणाचं काही घेतलंय का?" दत्ताराम म्हणाला, "गप रव," पण त्यालाही झोप लागली नव्हती.

उत्तर पावसाळ्यानंतर मिळालं. मंडळाने खऱ्या सीमेवरच्या बचतगटाच्या अठरा बायकांना अभ्यासदौऱ्यावर मुलुंडला पाठवलं. सीमाभागाचा विकास कसा करायचा ते त्यांनी इथे शिकायचं होतं. गाव हुलगेवाडी, कर्नाटकाला अगदी लागून. चौदा तासांचा प्रवास करून आलेल्या त्या बायका गाळ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांची म्होरकी नंदा, चाळिशीची, खणखणीत आवाजाची.

"ताई, सीमा कुठाय?"

प्रेमाने लादीवरची रेघ दाखवली.

नंदाने ती वाकून बघितली. चपलेने घासून बघितली. "ही? आमच्याकडं आख्खा ओढा हाय!"

बायका हसल्या. प्रेमाचा चेहरा पडला. तिने सगळ्यांना आत बसवलं, यंत्र बंद केलं आणि सोलकढी दिली. मग हळूहळू कळलं. हुलगेवाडीत मिरची पिकते ती नुसती लालभडक. पण कुटायला यंत्र नाही, म्हणून कच्चीच व्यापारी घेऊन जातो आणि तिचाच मसाला पुडीत भरून परत गावात विकायला येतो. पेपरातली बातमी वाचून बायकांनी मंडळाकडे अर्ज केला होता, पोस्टाने. उत्तर आलं, की मंडळाच्या यादीप्रमाणे तुमचं गाव सीमेपासून पाच किलोमीटर आत आहे, तेव्हा यंत्र मिळणार नाही, अभ्यासदौरा मिळेल.

"आमची म्हस चरायला गेली की कर्नाटकात असती," नंदा म्हणाली. "आन् आम्ही सीमेवर न्हाई, तुम्ही हाय!"

प्रेमा दुसऱ्या सकाळी वांद्र्यात हजर. उपासन्यांपुढे तिने प्रमाणपत्र ठेवलं. "हे त्यांना द्या."

"असं हस्तांतर होत नाही हो." ते खरोखर कळवळले. यादी वरून येते, ती बदलायला समिती लागते, समितीचे सदस्य अजून नेमायचे आहेत. मग त्यांनी नियमांचं पुस्तक पुढे ओढलं आणि तासभर वाचत राहिले. प्रेमा हलली नाही. शेवटी त्यांनी मान वर केली. "यशस्वी सीमावर्ती उद्योगाला शाखा काढायला यंत्र मिळतं. शाखा कुठे असावी, ह्याबद्दल पुस्तक काही म्हणत नाही."

अशा रीतीने मुलुंडच्या मसाला कांडपाची शाखा हुलगेवाडीत निघाली. यंत्र ट्रकमधून गेलं. ते बसवून द्यायला प्रेमा बरोबर गेली, आठ दिवस राहिली, भाजायचं कसं, कुटायचं कसं ते दाखवलं. बायकांनी तिला ओढा दाखवला. पलीकडच्या बायकांनी मिरच्यांची पोती डोक्यावर घेऊन, लुगडी वर खोचून पाणी ओलांडलं आणि रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची भाषा प्रेमाला कळेना. पण कोणाच्या मिरच्या ओलसर आहेत ते हात घालताच कळलं, आणि तिने हाताने खुणा करून त्या परत पाठवल्या. परतताना तिला पोटभर हसू येत होतं आणि का कोण जाणे, डोळेही भरले होते.

वर्षभरात हुलगेवाडीचा मसाला बेळगावपासून सांगलीपर्यंत जायला लागला. इकडे मुलुंडला पुन्हा तिपाईवाले आले. आधीची आखणी चुकली होती म्हणाले. रेघ पुसून त्यांनी ती आठ इमारती पुढे, एका सलूनच्या खुर्चीखालून नेली. फोटोवाली गर्दी एका दिवसात तिकडे सरकली. 'सीमा सरबत'वाल्याने रातोरात आपली हातगाडी हलवली.

महिन्याने मंडळाचं पत्र आलं. मुलुंड येथील उद्योग आता सीमेवर नसल्यामुळे तो मुख्यालय राहू शकत नाही. दरम्यान समिती बसली होती, हुलगेवाडी यादीत आली होती. तेव्हा यापुढे हुलगेवाडी हे मुख्यालय, आणि मुलुंड ही त्याची शाखा. शाखाप्रमुख: श्रीमती प्रेमा नेरूरकर.

दत्तारामने पत्र दोनदा वाचलं. "वाट लागली. म्हणजे नंदा तुझी साहेब?"

प्रेमाने नंदाला फोन लावला. नंदा आधी दोन मिनिटं हसत सुटली. मग म्हणाली, "ताई, मंडळवाले म्हणत्यात शाखेचं सगळं फायलीला लागलं पायजे. हजेरी पाठवत जावा."

हजेरीचं काम दत्तारामने आनंदाने अंगावर घेतलं. अडचण आली ती गणपतीला. प्रेमाला गावी नेरूरला पाच दिवस जायचं होतं. सासऱ्यांच्या काळापासून ती गणपतीला गाळा बंद करून जात आलेली, कोणाला विचारायची पाळी कधी आली नव्हती. आता छपन्नाव्या वर्षी तिने आयुष्यातला पहिला रजेचा अर्ज लिहिला. प्रांजलने तो तपासून दिला.

चार दिवस मंजूर झाले. पाचवा नंदाने कापला. त्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष हुलगेवाडीच्या मुंबई शाखेच्या पाहणीला यायचे होते, आणि कुलूप दिसलं असतं तर गावाला बरं दिसलं नसतं.