बद्रीनाथवरची पाळत

बद्रीनाथला एकच धास्ती होती. मिडलच्या परीक्षेत नापास झालो, तर वाटूरला परत, बापाच्या नांगरामागं. म्हणून जालन्यात मोंढ्यामागच्या आपल्या खोलीत त्यानं अभ्यासमंडळ काढलं. पुस्तकं उर्दूत, डोकी मराठीत. तेव्हा रोज एकानं धडा वाचायचा आणि बाकीच्यांना आपल्या भाषेत समजावायचा, असं ठरलं. प्रत्यक्षात मास्तरांच्या नकला गिरिधर करी, श्रीपती शेंगा फोडी, आणि समजलं का म्हटलं की सगळे माना हलवीत.

पण निजामाच्या राज्यात पोरं रोज एका खोलीत जमतात, ही गोष्ट पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांना साधी वाटेना. त्यांनी रखमाजी शिपायाला उघड त्या खोलीतच पाळतीवर बसवलं. तिथं काय बोलणं झालं, ते त्यानं सकाळी साहेबांना तोंडी सांगायचं.

रखमाजी शाळेची पायरी चढलेला नव्हता, आणि इमानी होता. त्याच्यापुढं माना हलवून भागेना.

"एक तोटी हौद भरती, दुसरी रिकामा करती," तो म्हणाला. "साहेब इचारतील, दुसरी उघडी कुनी ठिवली?"

"पुस्तकवाल्यानं, मामा," गिरिधर म्हणाला.

"मंग त्याचं नाव सांगा. न्हाई तर मला समजंल असं सांगा."

मग तेच गणित माठावर, नंतर बैलांच्या डोणीवर. रखमाजीला उमजेस्तोवर ते सगळ्यांच्या अंगात मुरे.

अखेर अमीनसाहेबच हौदाला कंटाळले. पाळत उठली, आणि लगोलग शेंगा परतल्या. परीक्षा तर तोंडावर आलेली. बद्रीनाथनं थोडी वाट पाहिली, मग टोपी नीट केली आणि ठाणं गाठलं.

"साहेब, मोंढ्यामागं पोरं पुन्हा जमून राह्यली. नजर पाहिजे."

"कोण जमवतो?" अमीनसाहेबांनी विचारलं.

एवढा विचार त्यानं केला नव्हता. दाराशी उभा असलेला रखमाजी आढ्याकडे पाहू लागला.

"बद्रीनाथ म्हणून हाय एक," बद्रीनाथ म्हणाला. "बिलकुल भरवशाचा न्हाई."

दुसऱ्या संध्याकाळी रखमाजी आपल्या जागी येऊन टेकला. "त्या बद्रीनाथवर बराबर नजर ठेव म्हनले साहेब. मंग, आज काय?"

बद्रीनाथ पास झाला, पुढं मास्तर झाला. निजामाचं राज्य गेलं तेव्हा, पोलिसांची पाळत सोसलेला माणूस म्हणून वाटूरकरांनी त्याला हार घातला. त्यानं खरं काय ते सांगितलं, अगदी हौदापासून. लोकांनी आदरानं माना हलवल्या. मला समजंल असं सांगा म्हणणारा रखमाजी काही त्या गर्दीत नव्हता.