खरवडलेला कागद

"थांबा, आधी वाचू द्या."

डबा हातात आला की त्याचं पहिलं वाक्य हेच. डाव्या हाताने डबा फिरवत, उजव्या हाताचं बोट एकेका अक्षरावर ठेवत तो मोठ्याने वाचायचा. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं, ओठ हलायचे. ते सुटलं की स्वतःशीच मान डोलवायचा आणि पुढच्या अक्षरावर जायचा.

ऐंशी सालानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत सिंदेवाहीच्या आठवडी बाजारात तो माझ्या शेजारी चिंचेखाली बसायचा. मी ॲल्युमिनियमची भांडी आणि रिकामे डबे विकायचो. तो त्या डब्यांचं तोंड कापून, झाकण बसवून, कथलाने कडी जोडून द्यायचा. सगळे त्याला टीनवाले भाऊ म्हणत. लहानपणी शाळा मिळाली नव्हती. तिशी उलटल्यावर वस्तीतल्या विहारात अक्षरं शिकला, आणि घरात पुस्तक नव्हतं म्हणून डब्यांवरचे कागद वाचू लागला. तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल, छापलेली ओळ वाया गेलेली ज्याला सोसत नाही.

समोरच्या चहावाल्या बाईंनी नवा वातीचा स्टोव्ह आणला, तेव्हा त्याने खोक्यावरची सूचना भर बाजारात वाचून दाखवली. "पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल भरू नये. ऐकलं काय, बाई?"

बाई नेमकं तेच करत होत्या. "भाऊ, तुमी वाचत बसा. माहं गिऱ्हाईक चाल्लं."

"गिऱ्हाईक गेलं तं दुसरं येईन. लुगडं पेटलं तं?"

त्या दिवसापासून बाई त्याच्याकडे एक रागाची नजर टाकून आधी स्टोव्ह विझवायच्या. शिव्या द्यायच्या, पण विझवायच्या.

मीही हसायचो. मग त्याची नजर माझ्या मालाकडे वळली.

सायकलीला भांडी बांधून चिमूरपासून गावोगाव फिरत मी धंदा उभा केला. धानावर फवारायच्या औषधाचे रिकामे डबे मोठ्या शेतकऱ्यांकडे मातीमोल मिळत. पत्रा जाड. राखेने आणि काथ्याने वरचा कागद खरवडला की डबा चकाचक. जंगलाकडच्या गावांतल्या बाया त्याच्या बदल्यात पायलीभर मोहफुलं द्यायच्या. शिवाय त्या डब्याला मुंगी लागत नसे. हे मी गुण म्हणून ओरडून सांगायचो. "या डब्यात मुंगी जात नाई, बाई! गूळ ठेवा, वर्षभर ठेवा!"

एकदा न खरवडलेला डबा त्याच्या हाती पडला. त्याने कवटीचं चित्र पाहिलं, बोट ठेवून वाचलं. "विष. रिकामा डबा दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरू नये." मग खिळा घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत तळाला भोक पाडलं. मग दुसऱ्या डब्याला. मग तिसऱ्याला.

"अबे, डबा माहा हाय!"

"डबा तुमचा हाय, शेठ. खाणारं पोट तुमचं नाई."

"मुंगी मरते, माणूस थोडी मरते?"

"मुंगीले वाचता येत नाई, तरी तिले समजलं," तो म्हणाला.

भोवतालचे लोक हसले. दराच्या घासाघिशीत मी कधी कोणाला हार गेलो नव्हतो. ते हसणं मी घरी घेऊन गेलो. आणि आजही म्हणतो, दुसऱ्याच्या मालाला भोक पाडायचा त्याला हक्क नव्हता. पुढच्याच बाजारात मी जागा ठरवणाऱ्या ठेकेदाराच्या कानाला लागलो आणि टीनवाल्याची जागा हलवली. चिंचेच्या सावलीतून उठून तो मटणवाल्यांच्या पलीकडे, उन्हात बसू लागला. मी काही न विचारणारा दुसरा कारागीर आणला, आणि डबे घ्यायचा शेतकरीही बदलला.

चार-पाच बाजार गेले. एका दुपारी एक माणूस डबा घेऊन धावत आला. डब्याला कडी म्हणजे टीनवाला, हे सगळ्यांना ठाऊक. त्याने थेट जाऊन त्याची गचांडी धरली. त्या माणसाच्या पोरीने तळाशी चिकटलेला गूळ बोटाने कोरून खाल्ला होता. पोरीच्या तोंडातून फेस येत होता. तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं, आणि डब्यात आधी कोणतं औषध होतं, असं डॉक्टर विचारत होते.

'हे माझं काम नाही' एवढं म्हणून टीनवाल्याला सुटता आलं असतं. त्याने डबा फिरवून पाहिला, त्या माणसाचा हात हलकेच सोडवला आणि माझ्याकडे आला. मागोमाग माणसं जमली.

"शेठ, भांडण मागून करू. याच्यावरचा कागद कोणचा होता, येवढंच सांगा. त्याच्यावर विषाचा उतारा लिहून रायते."

मला माहीत होतं. नव्या शेतकऱ्याचे सगळे डबे एकाच औषधाचे होते. नाव जिभेवर होतं. पण ते उच्चारलं की डबा माझा ठरत होता. मी झाकणं एकात एक रचत म्हणालो, "मले काय माहीत? तूच बनवला असशीन."

तो "बरं," म्हणाला.

मग माझ्या दुकानामागे जिथे मी डबे खरवडायचो, तिथे तो गुडघ्यांवर बसला. राखेतून कागदाचे तुकडे वेचले, थुंकीने पुसले, तळहातावर जुळवले. एका तुकड्यावर अर्धं फाटलेलं जोडाक्षर होतं. तो तुकडा वर धरून त्याने मला विचारलं, "हे कोणतं अक्षर होय, शेठ?"

मी सातवी शिकलेला माणूस. मी गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

त्याने तुकडे खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधले, ज्याने गचांडी धरली होती त्यालाच सायकलीवर मागे बसवलं आणि दवाखान्याकडे गेला.

पोरगी वाचली. तुकडे जुळवून डॉक्टरांनी औषध ओळखलं, असं चहावाल्या बाईंनी मला सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं. डबा कोणाचा हे तोवर सगळ्या बाजाराला कळलं होतं. मला मारायला कोणी आलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

तो पुन्हा त्या बाजारात बसला नाही. महिन्याभराने मी त्याच्या गावी गेलो. तो अंगणात कोणाचा तरी कंदील दुरुस्त करत होता. मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं.

"भाऊ, मले त्या औषधाचं नाव माहीत होतं," मी म्हणालो.

"मले ठाऊक हाय."

"सांगाले पायजे होतं मी."

"मले नोतं पायजे ते नाव. त्या पोरीले पायजे होतं," तो मान वर न करता म्हणाला. "आता मले कायले सांगून राह्यले?"

पुढे तो बायकोमुलांना घेऊन सिरोंचाकडे गेल्याचं ऐकलं. पुन्हा दिसला नाही. पण त्या दिवशी, त्याच्या अंगणात बसून, मी ते नाव उच्चारलं. स्पष्ट, पूर्ण. त्याने हातोडी उचलली आणि पत्रा ठोकू लागला.