मालतीअक्का आणि अडकलेली पत्रं

मालतीअक्का माणसांशी शुद्ध मराठीत बोलायच्या आणि यंत्रांशी अहिराणीत. धुळ्याच्या देवपुरातल्या त्यांच्या टायपिंग क्लासात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्या एका टाइपरायटरवर ओणवून विचारत होत्या, “काय रे भाऊ, काय व्हयनं तुले?” मी दारातच थबकले. त्यांनी वर पाहिलं आणि थेट मुख्याध्यापिकेच्या सुरात म्हणाल्या, “आपण बसा. याचं दुखणं कळलं की आपल्याकडे वळते.”

मी पारोळ्याची. धुळ्याच्या एका शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते आणि संध्याकाळी टायपिंग शिकावं असं मनात होतं. अक्का तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर सांगायच्या, “आठवण झाली तेव्हा नेमक्या परीक्षा जवळ आल्या होत्या.” आणि स्वतःच खळखळून हसायच्या.

एकदा बाजारातले एक धान्याचे व्यापारी मुलीचं नाव क्लासातून काढायला आले. “पोरीला टायपिंग शिकून काय करायचं, बाई?” अक्कांनी वाद घातला नाही. त्यांना यंत्रासमोर बसवलं आणि म्हणाल्या, “शेटजी, फक्त आपलं नाव टाइप करा. झालं की मुलीला घेऊन जा.” शेटजींनी कोट काढला, घाम पुसला, प्रत्येक अक्षर शोधून काढलं. नाव पूर्ण झालं तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की अक्कांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी क्लासातच राहिली आणि पुढच्या महिन्यापासून शेटजीही येऊ लागले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी अक्कांनी टाइपरायटरांच्या शेजारी दोन संगणक मांडले आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलं. मोडेम किंचाळायला लागला की म्हणायच्या, “मांजरं भांडाले लागली. आते लागी फोन.”

त्याच सुमारास माझा साखरपुडा झाला. प्रकाश मस्कतकडच्या एका कंपनीत इंजिनिअर होता. साखरपुडा उरकून तो परत गेला तो थेट वाळवंटातल्या कामावर. तिथे घरी बोलायला फोन नव्हता, टपालाचं पत्र पोचायला पंधरवडा लागे. कचेरीतला संगणक तेवढा होता. त्यामुळे आमचं सगळं बोलणं अक्कांच्या क्लासातून चाले. त्याची ई-मेलची पत्रं संगणकावर उतरली की अक्का खुर्ची खिडकीकडे फिरवून बसायच्या. “मी रस्ता बघते आहे. वाच तू.”

मग अक्कांनी जळगावच्या कंपनीची जुनी इंटरनेट जोडणी सोडून धुळ्यातच नव्याने निघालेल्या कंपनीची घेतली. दर वेळी जळगावला एसटीडी फोन लावण्याची कटकट संपली म्हणून आम्ही पेढे वाटले. पण त्याच दिवसापासून माझी उत्तरं जाईनात. मी लिहायचे, पाठवायचं बटण दाबायचे. जरा वेळ काहीतरी फिरायचं आणि ‘संपर्क तुटला’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी यायची. प्रकाशची पत्रं मात्र बिनबोभाट येत होती.

पहिल्यात त्याने विचारलं, तब्येत बरी आहे ना? दुसऱ्यात, रागावलीस का? मी रोज उत्तर लिहीत होते आणि प्रत्येक उत्तर आतच अडकून पडत होतं. चिडून एक पत्र तर मी असं लिहिलं की, ‘तुला जरा धीर नाही का? संसार कसा करशील?’ तेही अडकलं. मग त्याचं पत्र आलं: ‘तुझ्या मनात नसेल तर स्पष्ट सांग. शनिवारपर्यंत लग्नाच्या रजेचा अर्ज द्यायचा आहे. उत्तर आलं नाही तर नकार समजेन आणि बाबांना तसं कळवीन.’

ते वाचून मला रडूच फुटलं. अक्कांनी खुर्ची वळवली. पहिल्यांदाच त्या माझ्याशी अहिराणीत बोलल्या, “रडू नको, नलू. रडीसन मशीन चालस का?”

शनिवारी सकाळीच त्या कामाला लागल्या. त्यांची पद्धत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तार बदलली. पाटी कायम. मग दुसऱ्या संगणकावरून पाहिलं. पाटी कायम. मी म्हटलं, “अक्का, सगळंच पुसून नव्याने घालू या का?”

“बठ्ठं पुसलं तर चूक कुठली होती ते कधी कळणार?” त्यांनी पडद्यावरच्या प्रकाशच्या पत्रांवर बोट ठेवलं. “त्याचं येस, तुनं जात नही. म्हणजे जोडणी चांगली शे. येवाना रस्ता मोकळा शे, जावाना बंद.”

त्यांनी त्या पत्रांच्या प्रोग्रॅमच्या आतल्या नोंदी उघडल्या. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पत्रांसाठी खरंच दोन वेगळे रकाने होते. जाणाऱ्याच्या रकान्यात अजून जळगावच्या जुन्या कंपनीचं नाव होतं. अक्कांनी नव्या कंपनीला फोन लावला. तिथला मुलगा हसून म्हणाला, “बरोबर आहे, बाई. तुम्ही आता आमच्या तारेवरून जाता. जुने लोक तुमचं टपाल कशाला घेतील? आमचं नाव घाला.” आणि त्याने ते एकेक अक्षर सांगितलं.

अक्कांनी दहाही बोटांनी ते टाइप केलं. मी कसंबसं उत्तर लिहिलं: ‘माझ्या मनात आहे. अर्ज दे.’ बटण दाबलं. पाटी आली नाही. आनंदाने मी अक्कांना मिठीच मारली, आणि त्यांच्या खांद्यावरून पाहते तर अडकलेली सगळी पत्रं एकामागून एक निघून चालली होती!

“अक्का, थांबवा! त्यात ते रागाचंही आहे!”

“जाऊ दे,” अक्का डोळे पुसत हसत होत्या. “त्याले बठ्ठं कळू दे.”

प्रकाशचं उत्तर दुपारीच आलं. एकच ओळ: ‘अर्ज दिला, धीर धरायला शिकतो आहे.’

अक्का गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मी मस्कतला होते, जाता आलं नाही. पण त्यांची आठवण निघाली की मला डोळ्यांपुढे दिसतो तो पारोळ्यातला आमच्या लग्नाचा मांडव. प्रकाश पाया पडायला वाकला. अक्कांनी त्याला अर्ध्यातच दंड धरून उठवलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर विचारलं, “खरं सांग भाऊ, कोनतं पत्र आवडनं तुले?”

“रागाचं,” तो म्हणाला. “त्यातच तिने पहिल्यांदा मला अरे-तुरे केलं.”

अक्का इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की माझ्या सासूबाईंनी त्यांना खुर्ची आणून दिली. मग सासूबाईंना सगळा प्रकार कळला आणि त्याही शेजारच्या खुर्चीत बसल्या.