सोनाजीची हाळी

मेंढरामागं चालणाऱ्या घराण्यातला सूर्यभान वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर लागला, बजाजनगरात खोली करून राहिला आणि पाळी सुटली की गोष्टी लिहीत बसू लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "टाइमपास, दुसरं काय." पण ते खरं नव्हतं. त्याचा बाप सोनाजी जाऊन बरीच वर्षं झालेली. बापाचा आवाज कानातून निसटत चालला होता. तेवढा कागदावर धरून ठेवावा, म्हणून हा सगळा खटाटोप.

शहागंजात कापडाच्या दुकानावरच्या माडीवर दर रविवारी लिहिणारी मंडळी जमायची. नानासाहेब नावाचे निवृत्त मास्तर ऐकायचे आणि सोलून काढायचे.

"सूर्यभान, हा बाप मेंढरं राखतोय का सभेत भाषण करतोय?" ते म्हणाले. मंडळी हसली. "म्हणं 'विषण्ण सायंकाळ'. तुझा बाप असं म्हणला असता?"

"नाय. त्यो म्हणायचा, आज दिस लई रडका मावळला."

"मग तसंच लिही की बाबा. कागदावर टेकवायच्या आधी तोंडानं म्हण. रानात जाऊन मोठ्यानं म्हण, खोटं असलं तर कानाला लगेच टोचतं. आणखी एक, तुझी प्रत्येक गोष्ट सडकेपाशी येऊन का थांबती?"

सूर्यभान कागदाची घडी घालू लागला. हर्सूलच्या पुढं सडक ओलांडताना सोनाजी ट्रकखाली गेला होता. तेवढंच त्याच्या हातून लिहून होत नव्हतं.

त्याची माय म्हाळसाबाई आणि धाकटा भाऊ बन्सी हर्सूल तलावाच्या वरल्या अंगाला पत्र्याच्या घरात राहायचे. बन्सीनं मेंढरं सोडली नव्हती. सुट्टीच्या दिवशी सूर्यभान तिथं जाऊ लागला. माळावरच्या एका खडकावर बसून बापाची वाक्यं बोलायचा, नाय पटलं की खोडायचा, पुन्हा बोलायचा. आधी सगळं उसनं वाटायचं. मग हळूहळू शब्द बापासारखे अर्धे गिळले जाऊ लागले. वाक्याआधी घशात बारीक खाकरा येऊ लागला. तो सूर्यभाननं मुद्दाम आणला नव्हता.

एका दुपारी बापाचा आवाज तोंडात इतका मुरला की बोलता बोलता त्याच्या तोंडून बापाची मेंढरांना बोलवायची हाळी गेली. लांबलचक, शेवटाला मोडलेली.

त्यांच्या घरात एक रीत होती. राखणारा मेला की त्याची हाळी त्याच्यासंगं पुरायची. पोरानं आपली नवी काढायची, जुनी पुन्हा तोंडात घ्यायची नाय. कारखान्यात जन्म गेलेल्या सूर्यभानला स्वतःची हाळीच नव्हती. मग रीत कुठून आठवणार?

खालच्या नाल्यात चरणारा बन्सीचा कळप थबकला, माना वर झाल्या आणि सगळी मेंढरं चढण चढून आली. त्यातलं एकही बापाच्या वेळचं नव्हतं. ती सूर्यभानला ओलांडून गेली. त्याच्या पाठीमागं हातभर जागा मोकळी सोडून अर्धगोल करून उभी राहिली आणि त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली.

बन्सी धापा टाकत वर आला.

"दादा, हाळी कुणी दिली?"

"म्या दिली."

"तुझा आवाज मी वळखतो. कुणी दिली?"

सूर्यभानला मागं वळून बघायचा धीर झाला नाय.

दिवेलागणीला दोघं घरी आले. म्हाळसाबाईनं तीन ताटं वाढली, मग चौथं वाढलं आणि दाराकडं तोंड करून ठेवलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती. ती नव्या नवरीगत घडोघडी पदर सारखा करत होती, ते बघून सूर्यभानच्या अंगावर काटा आला.

"माय, हे काय गं?"

"तुझा बा सुगी आटपून आल्यागत आलाय. मेंढरं बसवली का, इचारत होता." ती थांबली. "सूर्या, त्याला ठाऊकच नाय रं. तू गोष्टीत त्याला सडकेपतुर आणतो आन् सोडून देतो. पुढं काय झालं ते कुणी सांगावं त्याला? मी का? बारा महिने रडून कशीबशी उठले मी. आता पुन्हा वाट बघत बसू?"

"माय, उगं बस," बन्सी म्हणाला.

"तू गप. आणलाय यानं, पोचवंल बी ह्योच."

सूर्यभान उंबऱ्यापाशी बसला. कागद काढला नाय. बापाच्याच आवाजात सांगू लागला. कळप सडकेला लागला. एक कोकरू मधेच बसलं. सोनाजी माघारी वळला.

तिथं तो अडला.

"मग?" आवाज त्याच्याच तोंडून आला, पण विचारलं त्यानं नव्हतं. माय हुंदका दाबून बसली होती.

"मग ट्रक आला, बा," सूर्यभान म्हणाला. "कोकरू वाचलं. तू नाय वाचला."

त्यानं एकही शब्द गाळला नाय. रस्त्यावर पडलेलं घोंगडं सांगितलं, मायनं रक्त पुसायला पदर फाडला तेही सांगितलं. सांगता सांगता घशातला खाकरा गेला, शब्द पुरे उमटू लागले आणि शेवटची वाक्यं कारखान्यातल्या साध्या माणसाच्या आवाजात बाहेर पडली. म्हाळसाबाई खच्चून रडली. रडून झाल्यावर भिंतीला टेकून झोपी गेली.

पुढं ती गोष्ट त्यानं माडीवर वाचली. नानासाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"आता जमलं, लेका. ह्याच बापावर अजून एक लिही."

"त्याचा आवाज येत नाय आता," सूर्यभान म्हणाला.

"बोलून बघ की."

त्यानं तोंड उघडलं. खोलीत त्याचा एकट्याचाच आवाज होता.