गडग्यावरून दिसलेला उतार

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. रोज एसटीने रत्नागिरीला जाऊन-येऊन जिऑलॉजीत बी.एस्सी. केलं. हे मी कुठेही सांगते, कारण सांगण्यासारखंच आहे. आमच्या मोहल्ल्यात तोवर दगडाचा अभ्यास म्हणजे चिरेखाणीत काम, एवढंच लोकांना माहीत होतं. अम्मा तर शेजारणींना सांगायची, "पोरगी दगडांची डाक्टर हाय."

पण त्या डॉक्टरकीचा खरा उपयोग झाला तो कब्रस्तानाच्या कामी.

माझी थोरली बहीण, आपा, लग्नानंतर जपानला गेली. तिचा नवरा, आमचे दुल्हाभाई, तिथे जुन्या गाड्या विकतात. मुलं तिथल्याच शाळेत जातात, आपसात जपानीत भांडतात. सगळं छान, एक सोडून. तिकडे माणूस गेला की बहुतेक सगळ्यांना जाळतात. पुरायला कायद्याची बंदी नाही म्हणे, पण पुरायचं कुठे? आपाच्या भागातल्या मुसलमानांना सर्वात जवळचं कब्रस्तान म्हणजे गाडीने दिवसभराचा प्रवास. त्यांनी मिळून गावाबाहेरच्या टेकडीवर एक तुकडा बघितला, तर तिथल्या वस्तीने हात जोडून नको म्हटलं. टेकडीखाली त्यांचा पाण्याचा झरा होता.

आपा फोनवर म्हणाली, "अम्मा, इथे जागा नाय झाली तर आमी परत येणार. जिथे मरायची सोय नाय, तिथे पोरांना वाढवून काय करू?"

त्या वस्तीचं ज्यांच्या शब्दावर चालायचं, ते एक निवृत्त मास्तर होते. शाळेत विज्ञान शिकवायचे. दुल्हाभाईंनी त्यांना गाडी विकलेली, आणि ती गाडी चांगली निघालेली, त्यामुळे बोलणं होतं. दुल्हाभाई त्यांना म्हणाले, "कायमचं नाही म्हणायच्या आधी एकदा आमच्या गावी चला. आमच्याकडे कब्रस्तान आणि विहीर एकाच उतारावर आहे. शेकडो वर्षं पितोय आम्ही."

आणि मास्तर दुल्हाभाईंबरोबर खरंच आले. ऐन आंब्यात.

बारीक, ताठ, डोक्यावर कापडी टोपी. मास्तरांचं इंग्रजी माझ्यासारखंच, सावकाश आणि व्याकरण धरून, त्यामुळे आमचं लगेच जमलं. दुल्हाभाईंचं जपानी जोरात चालायचं, पण ते गाड्यांपुरतं. आमची आमराई दाखवताना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, मास्तरांनी मला हळूच विचारलं, "या झाडांचं इंजिन कुठल्या वर्षीचं, असं ते का म्हणतायत?"

पाहुण्याचं पोट बिघडू नये म्हणून दुल्हाभाईंनी रत्नागिरीहून बाटलीबंद पाण्याची खोकी आणून ठेवली होती. आता पाहुण्याला एक आणि आपल्याला दुसरं, हे आमच्यात चालत नाही. म्हणून मास्तरांच्या समोर आम्ही सगळेच बाटलीतलं पाणी पीत होतो. अम्मा एक घोट घ्यायची आणि तोंड वाकडं करायची. "याला ना चव ना वास. डोळ्यातलं पाणी बरं, खारट तरी लागतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी कब्रस्तान बघायला निघालो. आमच्याकडे बायका कब्रस्तानाच्या आत जात नाहीत. मास्तरांचे प्रश्न दुल्हाभाईंच्या आवाक्याबाहेरचे, आणि दुभाषी तर मी. मग तोडगा निघाला. पुरुष आत, आणि मी नि अम्मा बाहेर, गडग्याला लागून. गडगा म्हणजे रचलेल्या जांभ्या चिऱ्यांचं कुंपण. मी त्यावर चढून बसले, पदर सावरला, आणि तिथून ओरडून भाषांतर सुरू केलं.

आत आमचे म्हातारे चाचा होते, आजोबांचे धाकटे भाऊ. जमातीत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. ते कबर कशी काढतात ते सांगत होते. पहारीने कातळ फोडायचा, बाजूला चिरे लावायचे, वर चिऱ्यांचं झाकण, मग प्रत्येकाने तीन ओंजळी माती द्यायची.

मास्तर म्हणाले, "माझ्या आजोबांनाही मातीतच ठेवलं होतं. आमच्या डोंगरातल्या गावांत तेव्हा तशी रीत होती. लाकडी पिंपात, बसवून."

मी ओरडले, "चाचा, यांच्या आजोबांना पण पुरलं होतं! बसवून!"

"बसवून?" चाचांनी दाढी कुरवाळली. "म्हणजे कयामतीच्या दिवशी आमी उठेपर्यंत हा म्हातारा पार पुढे निघून जाणार!"

हे मी भाषांतर करावं की नाही, या विचारात होते. केलं. मास्तर टोपी काढून हसले. आम्हाला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात उन्हाने घसा सुकला म्हणून दुल्हाभाईंनी पिशवीतून बाटल्या काढल्या आणि सगळ्यांना वाटल्या. मास्तरांनी बाटली हातात घेतली, पण उघडली नाही. गडग्यापाशी आले आणि मला म्हणाले, "एक विचारू? मी आल्यापासून बघतोय. तुम्ही तुमच्या विहिरीचं पाणी पीत नाही. घरातलं कोणीच नाही."

डोळ्यासमोर आपा मुलांना घेऊन, बॅगा भरून परत येताना दिसली.

"काय म्हणतोय गो?" अम्माने खालून माझा पदर ओढला.

मी सांगितलं.

"अगो बाय! मग तीन दिवस चा कसल्या पाण्याचा पितोय हा? कोकमाचं सरबत मागून मागून प्यायला, ता काय बाटलीतल्या पाण्याचं? भात कशात शिजला? सांग त्याला. बाटली नुसती दाखवायला, बाकी सगळी आमची बाव!"

मी शब्दन् शब्द सांगितला, बाव म्हणजे विहीर हेही. मास्तर पोटावर हात फिरवून म्हणाले, "म्हणजे प्रयोग झाला. माझ्यावरच झाला."

पण ते मास्तर होते, नुसत्या हसण्यावर विषय संपवणारे नव्हते. विहीर कुठे, म्हणाले. मी हात केला. मशिदीमागे, आमच्या वरच्या अंगाला. ते एका नव्या कबरीपाशी गेले, बाटलीचं झाकण काढलं आणि पायथ्याशी पाणी ओतायला लागले. त्यांना उतार बघायचा होता.

आमच्यात नव्या कबरीवर पाणी शिंपडतात. चाचांना वाटलं, परका माणूस मयताचा मान राखतोय. त्यांचे डोळे भरून आले. "अरे बघताय काय? पाहुणा पाणी घालतोय आणि तुमी पिताय? ओता!" मग काय, दुल्हाभाईंसकट सगळ्यांनी आपापल्या बाटल्या जवळच्या कबरींवर रिकाम्या केल्या. मास्तर बावरून इकडेतिकडे बघत राहिले.

आत उभ्या असलेल्यांना काय दिसलं असेल ते असेल. मला गडग्यावरून सगळं दिसत होतं. थोडं पाणी जांभ्याने पिऊन टाकलं. उरलेल्याचे ओघळ झाले आणि एकूण एक ओघळ खाली, खाडीकडच्या सुरूच्या बनाकडे निघाला. विहिरीकडे एकही नाही.

"मास्तर, तिकडे!" मी खाडीकडे बोट केलं. मग राहवलं नाही म्हणून पुढचंही बोलले. "पण वरून वाहतं तसंच आतून झिरपतं, असं धरून चालू नका. आणि आमचा कातळ वेगळा, तुमची माती वेगळी. तुमच्याकडे तपासूनच घ्या."

दुल्हाभाई कपाळाला हात लावून मराठीत ओरडले, "अगो, तू कोणाच्या बाजूने हायस?"

"कॉलेजच्या!" मी म्हणाले.

मास्तर मात्र गडग्याला टेकून उभे राहिले. म्हणाले, "इतके दिवस सगळे मला सांगत होते की काही होणार नाही. तपासा म्हणणारी तू पहिलीच." मग म्हणाले, "आमच्या लोकांचं भांडण पुरण्याशी नव्हतं. तुम्ही निवडलेला तुकडा झऱ्याच्या वर आहे. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला माझी चेस्टनटची पडीक बाग आहे. तिथलं पाणी दुसरीकडे उतरतं, असं मला वाटतं. मला कोणी विचारलंच नाही."

मी हे सांगितलं तेव्हा दुल्हाभाई खाली चिऱ्यावरच बसले. त्यांनीही विचारलं नव्हतं.

जाताना मास्तरांनी उरलेल्या बाटल्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. अम्माच्या हातचं सरबत पिऊन, "बाव, बाव" असं म्हणत गाडीत बसले.

पुढे पाऊस संपल्यावर आपाचा फोन आला. मास्तर वस्तीतल्या लोकांना घेऊन बागेत गेले होते. आधी मातीची आणि पाण्याची रीतसर तपासणी करून घेतली. मग सगळ्यांदेखत बाटलीतून पाणी ओतून दाखवलं. वस्ती तयार झाली. सरकारी परवानगीचे कागद अजून हलायचे आहेत, पण शेजारी हो म्हणाले, हेच मोठं. आपा हसतही होती आणि नाकही ओढत होती. "अम्मा, मास्तर म्हणतायत, कोपऱ्यातली थोडी जागा माझ्यासाठी ठेवा. मला पण आजोबांसारखंच जायचंय."

"बसून?" अम्माने विचारलं.

"नाय, म्हणाले, आता गुडघे दुखतात. आडवंच बरं."

अम्मा खूप हसली. फोन ठेवून पाय पसरून बसली.

"म्हणजे आता ती परत येत नाय," ती म्हणाली.

"नाय येत."

"बरंय." ती उठली, फळीवरचा डबा खाली काढला आणि त्यातली आंबापोळी मोजू लागली. "मग ही पाठव सगळी. आणि म्हाताऱ्यासाठी कोकम वेगळी बांध. पाणी त्याचं तो बघेल."